सगळे आले का?

काल दुपारी स्वेटर उन्हात टाकायला म्हणून माळ्यावरची बॅग खाली काढली. मेलबर्नला नेलेल्या जाड कोटाच्या खिशातून चिमूटभर वाळू पडली. एरवी फरशीवर कण दिसला तरी मी फडकं घेऊन धावते. काल बराच वेळ तशीच राहू दिली.

फिलिप आयलंडची असणार. लेकीने हट्टाने नेलं होतं, मेलबर्नहून दोनेक तास. डिसेंबर, म्हणजे तिथला उन्हाळा म्हणे. वाऱ्याने माझे कान बधिर झाले होते. समरलँडच्या किनाऱ्यावर शेकडो माणसं पायऱ्यांवर बसून अंधार पडायची वाट बघत होती. फोटोला सक्त मनाई. "आई, फोन पर्समध्ये," लेक तिसऱ्यांदा म्हणाली.

अंधारलं तसं फेसात काहीतरी हललं. लाट ओसरली आणि चार-पाच पेंग्विन उभे! फूटपट्टीहून जेमतेम उंच, वजनाला किलोभर. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि परत पाण्यात. सोबत जमेपर्यंत मोकळी वाळू ओलांडायला कुणी तयार नाही. एक सीगल नुसता समोरून चालत गेला, तर अख्खी वरात माघारी. हसणारे हसले. मी नाही हसले, मीही स्वारगेटला रस्ता असाच ओलांडते.

मग एकदाचे निघाले, पुढे झुकून, लगबगीने, पोटात पिल्लांसाठी मासे घेऊन. वर बिळांतून पिल्लांचा कालवा सुरू झाला. जो तो आपापल्या वाटेला वळत होता.

आजोळी गुरं अशीच वळायची. गुराखी वेशीपर्यंतच; पुढे कुठली गाय कुठल्या बोळात जाणार हे गाईलाच ठाऊक. आमची कपिला गोठा दहा पावलांवर आला की हंबरायची आणि आत वासरू दाव्याला हिसके देऊ लागायचं. आजी दारात उभी राहून मोजायची. गुरं होती पाच. तरी मोजायची. मग माणसं मोजायची. सगळे आल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. ते खूळ माझ्यात आलंय. दाराशी चपला मोजल्याशिवाय मी कडी लावत नाही. आता जोड दोनच असतात.

तिथेही रोज रात्री मोजतात पेंग्विन. मीही सुरुवात केली. त्रेसष्टपर्यंत आले आणि एक घोळका झुडपांमागे गेला. झालं, चुकलं.

लेक सांगत होती, इथे पूर्वी घरांची वसाहत होती. पेंग्विनांची जागा राहावी म्हणून १९८५ पासून सरकार एकेक मालमत्ता विकत घेत गेलं, ते २०१० पर्यंत. पंचवीस वर्षं! माणसं हलवून पाखरांना घर. मी आपल्याकडच्या धरणग्रस्तांवर काही बोलणार होते, पण तिने थर्मास पुढे केला.

निघताना पार्किंगमध्ये पाटी होती, गाडी सुरू करण्याआधी खाली पेंग्विन नाही ना, बघा. गुडघे धरून वाकले. नव्हता.

पुण्याला आल्यापासून आमच्याही गाडीखाली बघते. हे म्हणतात, इथे कुठला आलाय पेंग्विन. कधीतरी मांजर असतं. बहुतेकदा तेही नसतं.