स्वराज ७३५ : पंप वाढवायचा का नाही? घोडे सापडले, पण भलतीकडेच

मंडळी, मागच्या वेळी मी छाती ठोकून सांगितलं होतं की येत्या शनिवारी इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपाचं कंपनीने मारलेलं सील तोडणार आणि डिझेल वाढवणार. नाही तोडलं. शिव्या घाला, पण आधी काय झालं ते ऐका.

ट्रॅक्टर तोच, आपला चाळीस घोड्यांचा (एचपी), २७३४ सीसीचा तीन सिलिंडर म्हातारा, मायकोचा इनलाइन पंप, ऑइलबाथ (तेलाच्या वाटीतून हवा गाळणारा) एअर क्लीनर. लायनर-पिस्टनचं पुराण मागे झालंय, ते परत उगाळत नाही. नवं एवढंच की मामांनी त्यांचा सहा फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी ढेकळं फोडणारं अवजार) 'घेऊन जा, पडून गंजतोय' म्हणून देऊन टाकला आणि फुकटचा माल कोण सोडतो. आमचं रान निफाडकडचं, गोदाकाठची काळी, मे महिन्यात ढेकळं अशी की लाथ मारली तर पायच सुजेल. पाच फुट्यावर गडी निवांत चालायचा, सहा फुट्याला दुसऱ्याच तासाला दम टाकायला लागला. आवाज जड, धूर काळा, आणि एकदा तर बंदच पडला, तेही बांधावर चार माणसं बघत असताना.

मिस्त्री आले, एक फेरी बघितली, म्हणाले, "भाऊ, पंपाचा स्क्रू थोडा आत घेतो, पन्नास एचपीवाल्याला मागं टाकंल." मी पण पाघळलो होतो. पण रात्री झोप येईना म्हणून वहीत हवेचा हिशोब मांडला आणि तिथं पहिली कळ आली.

२७३४ सीसी, १८०० आरपीएम, फोर स्ट्रोक म्हणजे दोन फेऱ्यांत एकदाच हवा आत. मिनिटाला साधारण २४६० लिटर, त्यातली ८५ टक्केच खरी भरते असं धरा, २०९० लिटर झाली. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर, त्यात मेचं ऊन, हवा आधीच पातळ, वजनात धरली तर मिनिटाला सव्वादोन किलोच्या आत. बिनटर्बोचं (हवा दाबून आत भरणारा पंखा नसलेलं) डिझेल इंजिन धूर न ओकता चालवायचं तर एक किलो डिझेलला निदान अठरा किलो हवा लागते. भागाकार केला की तासाला साडेसात किलो डिझेल, म्हणजे नऊ लिटरच्या आसपास. आणि जुन्या इंजिनाला एका घोड्यामागे तासाला १९० ग्रॅम धरले तर चाळीस घोड्यांना लागतं ७.६ किलो. म्हणजे कंपनीने जेवढी हवा तेवढंच डिझेल आधीच दिलंय ना भो! वर डिझेल ओतलं की दोन-तीन घोडे मिळतील, बाकीचं सगळं धुरात आणि एक्झॉस्टच्या उष्णतेत, ती उष्णता पिस्टनच्या टाळूवर आणि हेड गॅस्केटवर. काळा धूर दिसतोय म्हणजे डिझेल पोचतंय, कमी पडतेय ती हवा. मिस्त्री नेमका त्याच धुराकडं बोट दाखवून डिझेल वाढवू म्हणतात, आता काय बोलणार. माणूस हाताचा चांगला आहे, इंजिन बांधावं तर त्यांनीच, पण हिशोबाचं त्यांना वावडं आहे.

मग हवेच्या मागे लागलो. ऑइलबाथची वाटी उघडली तर तळाला बोटभर गाळ, आंब्याच्या बाठीएवढा गोळा निघाला. जाळी डिझेलने धुतली, नवीन ऑइल टाकलं, होजला एक बारीक चीर होती ती बदलली. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासले. डिझेलची लाइनपण केली, फीड पंपाची जाळी, दोन्ही फिल्टर, टाकीच्या झाकणाचं भोक. एअर काढून स्टार्ट केला, आवाज गोड. खूश होऊन रानात नेला.

तीच बोंब. धूर थोडा कमी, पण दम तिथंच.

इथं तीन संध्याकाळी गेल्या. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढून टेस्टरवर मारले, तिन्ही ठीक, एकाचा फवारा किंचित तिरका होता तो बदलला (एका घाऊकवाल्याने 'ओरिजिनल' म्हणून दिलेलं नोझल डब्यातनंच गंजलेलं निघालं, नाव नाही घेत, पण डबा उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका). टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) बघितलं, बरोबर. क्लच स्लिप होतोय का म्हणून वरच्या गिअरात ब्रेक दाबून सोडला, इंजिन जागेवर बंद, म्हणजे क्लच पण ठणठणीत. सगळं बरोबर आणि तरी ट्रॅक्टर मरतोय, याच्यासारखा संताप नाही राव.

चौथ्या दिवशी सहज डोक्यात आलं की आपण आरपीएम मीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवतोय. मीटर केबलचा, त्याचं वय काढायला नको. ऑनलाइन साडेसहाशेचा लेझर टॅकोमीटर मागवला. स्वस्त आहे पण चालतो, फक्त उन्हात आंधळा होतो. क्रँक पुलीवर चमकपट्टी चिकटवली तर तेलकटपणामुळे पहिल्याच रेसला उडून शेजारच्या गोठ्यात. पेट्रोलने पुसून परत लावली, धाकट्याला सीटवर बसवलं, मी पंचा डोक्यावरून घेऊन पुलीवर सावली धरून बसलो, जुन्या फोटोग्राफरसारखा.

"फुल्ल कर."

"फुल्लच हाये."

मीटर म्हणतंय २०००, टॅको म्हणतोय १७२०.

"अजून ओढ."

"आरं दादा, खाच संपली, आता काय उपटून काढू का?"

तिथं ट्यूब पेटली. तसाच पंपाकडं गेलो. हँड लिव्हर डॅशच्या खाचेत शेवटपर्यंत गेलंय, पण पंपावरचं लिव्हर त्याच्या स्टॉप बोल्टला टेकलेलंच नाही! मधे फट. ८ चं ड्रिल बिट घातलं, आरामात बसलं. दोन्ही लिव्हर जोडणाऱ्या लिंकेजचा बॉल जॉइंट झिजून हलतोय, आणि रॉड कुणीतरी कधीतरी वाकवून 'सरळ' केलेला, त्यात त्याची लांबी गेली. पायाचा ॲक्सिलरेटर त्याच रॉडवर, म्हणजे तोही तेवढाच अपुरा. बहुतेक मी घ्यायच्या आधीपासूनच हा ट्रॅक्टर कधी फुल रेसला गेलेलाच नाही.

आता बघा, १८०० ला रेटेड असलेलं इंजिन बिनलोड फुल रेसला आठ-दहा टक्के वर जायला पाहिजे, म्हणजे साडेएकोणीसशे-दोन हजार. आपला १७२० ला थांबतोय तर लोडवर गव्हर्नर (पंपातला वेग सांभाळणारा भाग) त्याला १५६० च्या आसपास धरणार. टॉर्क तोच धरला तर ४० गुणिले १५६० भागिले १८००, झाले ३४.७ घोडे. सव्वापाच घोडे एका वाकड्या सळईत अडकलेले आणि मी सील तोडायला निघालो होतो.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका स्पेअर पार्टवाल्याकडनं बॉल जॉइंटची जोडी आणली, रॉड अंबडला ओळखीच्या लेथवर नवीन करून घेतला, दोन्ही टोकांना आटे, एकीकडं उलटे, म्हणजे जागेवर फिरवून लांबी ॲडजस्ट होते. सगळे मिळून ३४० रुपये. स्टॉप बोल्टला आणि सीलला हात लावला नाही. सकाळी टॅको लावला तर १९७५. खरं सांगतो, अंगावर काटा आला.

रानात चालता ट्रॅक्टर टॅकोने मोजता येत नाही, त्यासाठी एक जुगाड. फोनमध्ये आवाजाची फ्रिक्वेन्सी दाखवणारं ॲप टाका. तीन सिलिंडर फोर स्ट्रोक म्हणजे एका फेरीत दीड ठोका, १८०० ला सेकंदाला ४५. फोन मडगार्डवर फडक्यात गुंडाळून ठेवला. कधीकधी दुप्पट आकडा पकडतो, ९० दिसला तर निम्मा करा. आधी लोडवर ३८-३९ दिसायचे, आता साध्या रानात ४५ ला खिळा ठोकल्यासारखा. त्याच गिअरात आधी एकराला १ तास ५० मिनिटं लागायची, आता १ तास ३५. टाकी गळ्यापर्यंत भरून मोजलं, डिझेल दोन्ही वेळा साडेनऊ-दहा लिटरच.

आता वाईट बातमी. विहिरीकडची पट्टी, जिथं ट्रॉलीने दाबून जमीन सिमेंट झालीय, तिथं अजूनही ४० ठोक्यांवर येतो आणि धूर टाकतो. वर टेंपरेचरचा काटा पाऊण भागाच्या पुढं. काटा बहुतेक रेडिएटरच्या पुढच्या जाळीतल्या भुशामुळे चढतोय, आतून बाहेर पाणी मारून बघतो (प्रेशर वॉशर जवळ धरू नका, पाती झोपतात, अनुभव आहे).

म्हणजे प्रश्न परत तिथंच, वाढवायचं का? पंप तर नाहीच, हवेचा हिशोब वर दिलाय. उरतो टर्बो. पिकअपचा एक जुना टर्बो मित्राने गोणीत घालून आणून ठेवलाय, शाफ्टला हात लावला तर फिरतो छान. पण टर्बो लावला की ऑइलची फीड आणि रिटर्न लाइन, मॅनिफोल्ड बनवून घ्या, पिस्टनला खालून ऑइलचा फवारा नाही, कॉम्प्रेशन बिनटर्बोचं, आणि पुढं क्लच, गिअरबॉक्स, मागचा धुरा सगळं चाळीसच्या हिशोबाने बांधलेलं. परत मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आरसीवर जे लिहिलंय त्यात मनाने बदल चालत नाही, उद्या ट्रॉली घेऊन रस्त्यावर काही झालं तर विमावाला पहिलं इंजिन बघेल. १ जानेवारी २०२३ पासून पन्नासच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ (धुराचे कडक नियम) लागलं, त्यांचं सेन्सर-सॉफ्टवेअरचं प्रकरण वेगळं, ते वाढवणारे वेगळे, आपण त्या गावचे नाही.

तरी मन मानत नव्हतं, म्हणून एक्झॉस्टचं तापमान मोजायला के-टाइप थर्मोकपल मागवणार होतो. कार्टमध्ये पण टाकलं होतं.

पण हे वरचं लिहिताना एक गोष्ट सुचली आणि आता वाटतंय इंजिनाला छळायचंच कशाला. मामांचा रोटर मल्टिस्पीडवाला आहे! मागचं झाकण काढून आतल्या गिअरच्या जोडीची अदलाबदल केली की पीटीओ (ट्रॅक्टरचा अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) ५४० फेऱ्यांवर तसाच ठेवून रोटर हळू फिरतो. हळू फिरला की ताकद कमी खातो, माती जरा जाड राहील, मक्याला कुठं मैदा पाहिजे. द्राक्षाच्या ओळीत तर तो जातच नाही, तिथं पाच फुट्याच. सध्या गिअर कोणते लागलेत ते मामांनाही माहीत नाही, त्यांनी घेतल्यापासून ते झाकण उघडलेलंच नाही म्हणे.

तर लिहिणं अर्धवट टाकून बॅटरी घेऊन खाली जाऊन आलो. झाकण काढायच्या आधी ऑइल काढायला खालचा बोल्ट ढिला केला. काळं ऑइल येईल म्हणून जुना डबा लावला होता. आलं ते चहासारखं, दुधाळ. सील गेलंय आणि आत पाणी शिरलंय, किती पावसाळ्यांपासून देव जाणे. बेअरिंगचा आवाज हाताने फिरवून तरी येत नाहीये, पण उद्या उजेडात झाकण काढल्यावरच कळेल. कुणाकडं जुन्या सहा फुट्याच्या इनपुट शाफ्टच्या सीलचं माप असेल तर टाका, शाफ्टवरचा नंबर गंजाने खाल्लाय.