एका वर्तमानपत्राचा तास

आज पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रत्येकी एक जुनं वर्तमानपत्र दिलं. कात्री नाही, गोंद नाही. तुकडाही वाया न घालवता काहीतरी उभं करा, एवढंच सांगितलं.

हा धडा माझा नाही. १९२० च्या दशकात जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिक्षक जोसेफ अल्बर्स मुलांकडून अशाच गोष्टी करून घ्यायचे.

पहिली वीस मिनिटं नुसती कुजबुज. मग एका मुलीने कागदाला बारीक घड्या घालून तो उभा केला आणि त्यावर स्वतःची जाडजूड वही ठेवली. टिकली! सगळा वर्ग तिच्या बाकाभोवती गोळा. कागदाची ताकद घडीत असते, हे मी फळ्यावर दहा वेळा लिहिलं असतं तरी इतकं पोचलं नसतं.

वॉल्टर ग्रोपियस यांनी १९१९ मध्ये वायमारला ही बाउहाउस शाळा काढली, ती कलावंत आणि कारागीर यांच्यातली भिंत पाडायला. १९३३ मध्ये नाझींच्या दबावाखाली ती बंद पडली. शिक्षक मात्र ही पद्धत घेऊन देशोदेशी गेले. अल्बर्स अमेरिकेतल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवू लागले.

त्या शाळेची एक गोष्ट मला कायम खुपते. समानतेची भाषा करूनही बहुतेक मुलींना विणकामाकडेच वळवलं गेलं. आणि त्याच मागांवर गुंटा श्टोल्झल, आनी अल्बर्स यांनी केलेलं काम पाहिलं की भरून येतं. हे वर्गात सांगितलं, तेव्हा वहीवाली मुलगी म्हणाली, "मॅडम, मग उद्या विणूया?"

सुतळी आणून ठेवली आहे.