शहीद द्वीप: ओहोटीच्या हिशोबाने आखलेले तीन दिवस

अंदमानातल्या शहीद द्वीपावर, भरतपूरच्या किनाऱ्यावर आम्ही दुपारी दोनच्या सुमाराला पोचलो, तेव्हा समुद्र जागेवर नव्हता. फोटोत पाहिलेलं ते निळं-हिरवं पाणी खूप आत सरकलं होतं आणि आमच्यासमोर पसरला होता करड्या खडकांचा, शेवाळाचा आणि डबक्यांचा एक ओला माळ. काचेच्या तळाच्या बोटी वाळूवर कलून पडल्या होत्या. नवरा आणि मुलगी पोहायचे कपडे घालून तयार, आणि गुडघाभरसुद्धा पाणी नाही. आईने छत्री उघडली, खाली बसली आणि एकच प्रश्न विचारला, "अगं, आज तिथी काय?"

आईचं माहेर कोकणातलं, अगदी किनाऱ्यावरचं. उधाण आणि भांग हे भरती-ओहोटीचे शब्द तिच्या लहानपणापासूनचे. मी मोबाइलवर पाहिलं, माघातली शुद्ध त्रयोदशी. "मग पौर्णिमेपर्यंत पाणी असंच लांब जाणार, आणि येईल तेव्हा भरपूर येणार," ती म्हणाली. पुढचे तीन दिवस आम्ही या एका वाक्यावर आखले. या बेटावर जाणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच आहे: हॉटेल नंतर बघा, आधी भरती-ओहोटी बघा.

बेटाची ओळख थोडक्यात. अंदमानातल्या रिची द्वीपसमूहातलं हे छोटं बेट, क्षेत्रफळ साधारण 14 चौरस किलोमीटर. जुनं नाव नील. 1857च्या उठावात अलाहाबाद आणि कानपूरला अमानुष सूड उगवणाऱ्या जेम्स नील या इंग्रज अधिकाऱ्याचं. 30 डिसेंबर 1943ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, त्याला 75 वर्षं झाली त्या दिवशी, म्हणजे 30 डिसेंबर 2018ला, नीलचं शहीद द्वीप झालं आणि शेजारच्या हॅवलॉकचं स्वराज द्वीप. पोर्ट ब्लेअरचंही 2024मध्ये श्री विजयपुरम झालं. बोलण्यात मात्र जुनी नावं अजून आहेत, त्यामुळे बुकिंग करताना दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर बोटच नाही असं वाटेल.

गावांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर, आणि मधलं बाजाराचं नील केंद्र. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांना 1960च्या दशकात इथे वसवलं, त्यांच्या मेहनतीवर हे बेट उभं आहे. सगळ्या अंदमानात इथली भाजी जाते. किनाऱ्यापासून पाच मिनिटं आत वळलात की भातखाचरं, केळी, सुपारी, वांग्यांचे वाफे दिसतात. हे बेट मला हॅवलॉकपेक्षा जास्त आवडलं, त्याचं अर्धं कारण हेच. इथली माणसं पर्यटकांच्या आधीपासून आपापलं काम करत आहेत आणि आपण गेल्यावरही करत राहणार आहेत.

आता भरती-ओहोटीचं नीट सांगते, कारण आमचा पहिला दिवस जसा गेला तसा तुमचा जाऊ नये.

दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. रोज वेळ साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे दोन्हीतला फरक कमी. आपल्याकडे कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते; आईने तोही हिशोब करून पाहिला, पण तो इथे जमत नाही. प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी असते. तिथीवरून उधाण की भांग एवढंच घ्या, आणि तास-मिनिटांसाठी पोर्ट ब्लेअरचं भरतीचं वेळापत्रक निघण्यापूर्वीच उतरवून ठेवा. इंटरनेटवर सहज मिळतं. बेटावर नेटवर्क मिळेलच याच्या भरवशावर राहू नका.

हे एवढं महत्त्वाचं का? कारण बेटावरच्या दोन मुख्य गोष्टी एकमेकींच्या उलट वेळेला असतात. भरतपूरला पोहायचं, बोटीतून प्रवाळ पाहायचं तर पाणी चढलेलं हवं. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावरची नैसर्गिक कमान पाहायची तर पाणी पूर्ण उतरलेलं हवं. सकाळच्या बोटीने येऊन दुपारच्या बोटीने परतणारे अनेक पर्यटक आम्ही पाहिले. त्यांना यातलं एकच मिळतं, आणि कोणतं ते समुद्र ठरवतो. म्हणून किमान दोन रात्री राहा. ही माझी कळकळीची विनंती समजा.

आमच्या दिवसांत भरती सकाळी नऊच्या सुमाराला होती आणि ओहोटी दुपारी उशिरा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला त्याच भरतपूरला गेलो. तोच किनारा, पण काल पाहिलेला माळ कुठेच नव्हता. पाणी पार झाडांच्या सावलीपर्यंत आलेलं, इतकं स्वच्छ की कंबरभर पाण्यात उभं राहून पायाची नखं दिसत होती. लेक दोन तास बाहेर यायला तयार नव्हती. आई काचेच्या तळाच्या बोटीत बसली. प्रवाळ सगळीकडे रंगीत असेल ही अपेक्षा मात्र ठेवू नका. समुद्राचं पाणी तापल्यामुळे 2010 आणि 2016मध्ये अंदमानातलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं होतं, आणि तुटका, मेलेला भाग आजही दिसतो. पण त्या मेलेल्या फांद्यांमधून फिरणारे पोपटमासे बघा. ते खडकावरचं शेवाळ खरवडताना प्रवाळाचा चुनाही चावतात आणि त्याची पूड बाहेर टाकतात. आपण ज्या पांढऱ्या वाळूवर टॉवेल पसरतो तिचा काही भाग यांच्या पोटातून आलेला असतो. हे लेकीला सांगितल्यापासून ती वाळू मुठीत घेऊन निरखत बसायची.

त्याच दिवशी दुपारी तीनला कमानीकडे निघालो. स्थानिक लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात. कमान दिसण्याआधी बरंच अंतर उघड्या पडलेल्या प्रवाळखडकांवरून चालावं लागतं, आणि तिथे खरी परीक्षा आहे. खडक धारदार, वर बुळबुळीत शेवाळ. रबरी चपला घालून आलेले लोक जागोजागी घसरत होते. मागे पट्टा असलेले, तळाला पकड असलेले सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट घाला. आईचे गुडघे दुखतात म्हणून तिला सुरुवातीच्या सावलीत बसवलं, आणि ते बरंच झालं. वयस्कर माणसांना घेऊन हा टप्पा करू नका, त्यांना राग आला तरी चालेल.

वाटाड्या जरूर घ्या. आम्ही घेतलेला मुलगा गावातलाच होता. आम्ही कमानीकडे भराभर चाललो होतो तर म्हणाला, "दीदी, जल्दी मत करो, यहीं देखो." एका परातीएवढ्या डबक्याजवळ त्याने आम्हाला उकिडवं बसवलं. आधी काहीच दिसेना. मग एक काळी समुद्रकाकडी, म्हणजे काकडीसारखा दिसणारा समुद्री जीव, हळूच हलली. तिच्या शेजारी खडकात रुतलेली मोठी शिंपली, ओठांची कड गर्द निळी, आमची सावली पडताच झपकन मिटली. शंखातला खेकडा घर ओढत निघाला होता. समुद्रफूल नावाच्या, फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या झुबक्यातून एक नारिंगी मासा डोकं काढून आमच्याकडे बघत होता, जवळ गेलं की आत, मागे सरलं की पुन्हा बाहेर. आम्ही त्या एका डबक्यापाशी वीस मिनिटं होतो. कमान सुंदर आहे, फोटोही काढले, पण तीन दिवसांतलं माझ्या मनात राहिलेलं दृश्य विचाराल तर ते डबकं.

तिथे एक गोष्ट पाहून वाईट वाटलं. काही लोक समुद्रकाकडी हातात उचलून फोटो काढत होते, मुलांना जिवंत शंख गोळा करायला लावत होते. कृपा करून असं करू नका, आणि वाटाड्या उचलून देत असेल तर त्यालाही नको म्हणा. मेलेलं प्रवाळसुद्धा सोबत आणता येत नाही. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं आणि विमानतळावर सामानाची तपासणी होते. मुलांचे खिसे आणि पिशव्यांचे तळ बेटावरच रिकामे करा.

पाणी परत वळायला लागलं की निघायचं, हे वाटाड्या सांगतोच. तुम्ही एकटे असाल तर ओहोटीच्या वेळेआधी साधारण तासभर पोचा आणि पाणी वळताच परत फिरा.

सूर्याचं गणित इथे वेगळं आहे. घड्याळ भारताचंच, पण बेट मुंबईच्या जवळपास 20 अंश पूर्वेला, म्हणजे सूर्य सव्वा तासाहूनही आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. फेब्रुवारीत सव्वापाच ते साडेपाचला सूर्यास्त. सहानंतर काळोख. "चहा पिऊन निवांत सूर्यास्त बघू" म्हणत पावणेसहाला निघालेली माणसं अंधारात पोचतात. लक्ष्मणपूरच्या पहिल्या किनाऱ्यावर साडेचारलाच जाऊन बसा. लांबलचक पांढरा किनारा आहे, गर्दी पांगते. सूर्योदयासाठी सीतापूर, पाच वाजता खोलीतून बाहेर. तिथे लाटांना जोर असतो, पोहण्यापेक्षा बघत बसण्याचा किनारा आहे.

खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत. घाबरवायला सांगत नाही, पण तिवरांच्या खाडीच्या तोंडाशी, पाटी लावलेल्या जागी किंवा अंधार पडल्यावर पाण्यात उतरू नका. जीवरक्षकाने शिट्टी मारली की वाद न घालता बाहेर या. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात आणि ते फोड आठवडाभर खाजतात. पायाला खोबरेल तेल चोळून आणि पूर्ण पायघोळ कपडे घालून बसलात तर त्रास कमी. उन्हासाठी मलमापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट चांगला, कारण काही मलमांमधली रसायनं प्रवाळाला अपाय करतात.

फिरायला सायकल पुरते. जेट्टीपासून भरतपूर चालत जाण्यासारखं, लक्ष्मणपूर दोनेक किलोमीटर, सीतापूर पाचेक. स्कूटर आणि रिक्षाही मिळतात. आम्ही आईसाठी रिक्षा आणि आमच्यासाठी सायकली घेतल्या. जेवण बंगाली पद्धतीचं, भात-डाळ-भाजी-मासे, साधं आणि ताजं. शाकाहारी माणसाची अडचण होत नाही. रोख पैसे मात्र पोर्ट ब्लेअरहूनच काढून न्या. औषधंही. बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण काही गंभीर झालं तर पोर्ट ब्लेअरच गाठावं लागतं, आणि मध्ये समुद्र आहे.

आता बोटी. पोर्ट ब्लेअरहून सरकारी फेरीला दोन तासांच्या आसपास लागतात, खाजगी जलद बोटी त्याहून कमी वेळात पोचतात. सरकारी स्वस्त आणि तिच्या उघड्या डेकवर उभं राहता येतं, पण तिकिटं मर्यादित, आणि बेटवासीयांना आधी प्राधान्य असतं. ते योग्यच आहे, त्यांच्यासाठी ही एसटी आहे. खाजगी महाग, बंदिस्त, वातानुकूलित. ज्यांना बोट लागते त्यांनी अर्धा तास आधी गोळी घ्यावी आणि बोटीच्या मधल्या भागात खालच्या बाजूला बसावं. मूळ ओळखपत्र प्रत्येकाचं जवळ हवं. बहुतेक लोक पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि परत असा फेरा करतात, तो सोयीचाच आहे. फक्त आधी बोटीची तिकिटं पक्की करा, मग खोल्या.

आमच्या परतीच्या दिवशी वारा वाढला आणि आमची बोट रद्द झाली. पैसे परत मिळणार होते, पण दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान होतं. जेट्टीवर चार तास काढले, आईला बसायला धड जागा नव्हती, आणि संध्याकाळच्या फेरीत कशाबशा चार जागा मिळाल्या. आम्ही शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवली होती म्हणून विमान चुकलं नाही. बेटावरून उतरून त्याच दिवशी विमान पकडण्याचा बेत कधीही करू नका, कितीही स्वस्त तिकीट मिळालं तरी.

हंगामाचं म्हणाल तर जानेवारी ते एप्रिलची सुरुवात उत्तम. "मान्सून अंदमानात दाखल" ही मे महिन्यातली बातमी आपण दरवर्षी वाचतो. ती वाचतो तेव्हा तिथल्या बोटींचं वेळापत्रक कोलमडू लागलेलं असतं हे लक्षात ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरातही पाऊस आणि वादळं असतात.

तारखा ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर उघडा. कमान आणि डबकी हवी असतील तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या अलीकडे-पलीकडे दोन दिवस. फक्त पोहायचं, प्रवाळ बघायचं असेल आणि सोबत लहान मुलं असतील तर अष्टमीच्या आसपास जा, पाणी फार लांब पळणार नाही. आम्ही पुन्हा जाणार आहोत ते अष्टमीला. आईनेच तिथी काढून दिली आहे.