भिगवणहून परतल्यावर दुर्बीण पुसताना

भिगवणला उजनीच्या पाण्यावर सकाळभर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघून परतलं की माझ्या ८ बाय ४२ (आठपट मोठं दाखवणाऱ्या, ४२ मिमी भिंगाच्या) दुर्बिणीच्या पुढच्या भिंगांवर रस्त्याची धूळ आणि होडीतल्या शिंतोड्यांचे वाळलेले डाग असतात. डोळ्याकडच्या भिंगांवर पापण्यांचं तेल लागलेलं असतंच. साफसफाईला वीसेक मिनिटं जातात. त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळ कापड पिशवीतच असतं.

धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते काचेपेक्षा कठीण. शर्टाच्या टोकानं नुसती एक फेरी मारली तरी असा एखादा कण कापडाखाली सापडतो आणि कोटिंगवर, म्हणजे भिंगावरच्या पातळ थरावर, बारीक गोल रेघा ओढत जातो. म्हणून आधी रबरी ब्लोअर. भिंग जमिनीकडे करून खालून दहा-बारा झोत मारले की सुटलेली धूळ खाली पडते, पुन्हा बसत नाही. तोंडानं फुंकलं तर थुंकी उडते. दाबाच्या डब्यातली हवाही नको. डबा तिरका झाला की आतला गार द्रव थेट भिंगावर येतो. मग मऊ केसांचा ब्रश, मधून कडेकडे. ब्रशच्या केसांना बोट लावायचं नाही, नाहीतर बोटाचंच तेल भिंगावर जातं. डोळ्याकडची रबरी कडी पूर्ण खाली फिरवून घेतो, नाहीतर भिंगाच्या कडेची धूळ तशीच राहते.

वाळलेले डाग घासायचे नाहीत. डिस्टिल्ड वॉटरनं जेमतेम ओला केलेला लेन्स टिश्यू डागावर अर्धा मिनिट नुसता ठेवतो, क्षार सुटतात. नंतर लेन्स क्लीनरचा एक थेंब मायक्रोफायबरवर. भिंगावर कधीच नाही, कारण द्रव कडेच्या फटीत ओढला जातो. मधून बाहेर गोल फिरवत, न दाबता, दर फेरीला कापडाची नवी घडी. पापण्यांचं तेल दोन-तीन फेऱ्यांत निघतं. काचेच्या खिडक्यांचा स्प्रे मात्र दूर ठेवा, अमोनिया कोटिंगला भोवतो. आणि कापड धुताना फॅब्रिक कंडिशनर टाकलंत तर त्याचा मेणचट थर भिंगावर येतो. बरेच जण मग क्लीनरलाच दोष देतात.

समुद्रावरून आल्यावर क्रम बदलतो. दुर्बीण पूर्ण वॉटरप्रूफ असेल (नुसते शिंतोडे सोसणारी नव्हे), तर आधी नळाच्या बारीक धारेखाली गोड्या पाण्यानं मीठ काढून टाकतो.

पावसाळ्यात खरी भीती बुरशीची. दुर्बिणीची कातडी पिशवी ओल धरून ठेवते, तीत दुर्बीण ठेवत नाही. स्वयंपाकघरातल्यासारखा घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की पुरे. महिन्यातून एकदा एका टोकानं टॉर्च मारून दुसऱ्या टोकानं आत बघतो. कोळिष्टकासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. ती भिंगाच्या आतल्या बाजूला असेल तर दुर्बीण घरी उघडत नाही. आतला प्रिझम (प्रतिमा सरळ करणारी काच) जराही सरकला तर दोन्ही डोळ्यांच्या प्रतिमा जुळत नाहीत आणि दहा मिनिटांत डोकं दुखू लागतं. शिवाय आत धुकं धरू नये म्हणून नायट्रोजन वायू भरलेली असेल तर तोही जातो. ती सरळ दुरुस्तीला द्यायची, आणि परत आली की टॉर्च मारून पुन्हा आत बघायचं.