सहाव्या काडतुसाला

भोसरीच्या एमआयडीसीत मी वीस वर्षं पॅकिंग मशिनं दुरुस्त केली. नंतर अमेरिकेत एका विमान संग्रहालयाच्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. तिथे ब्राउनिंग मशीनगनचं कव्हर पहिल्यांदा उघडलं तेव्हा मनात आलं, हे तर आपलंच फीडिंग! बोल्टच्या पाठीवर तिरकी खाच, खाचेत फिरणारा लिव्हर, बोल्ट मागे-पुढे झाला की काडतुसांचा पट्टा एक घर सरकतो.

२०१० च्या हिवाळ्यातली गोष्ट. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग या अमेरिकन लढाऊ विमानाच्या 'बी' मॉडेलच्या पंखात ही पॉइंट फिफ्टी, म्हणजे अर्ध्या इंचाच्या गोळीची ब्राउनिंग, बसवून तिला खोट्या काडतुसांचा पट्टा लावायचा होता. नळी बुजवलेली, पण बोल्ट हाताने ओढता यायचा. विमानासाठीचा हा प्रकार २८ किलोचा. जमिनीवरची तिची जाड नळीची बहीण ३८ किलोची आणि मिनिटाला साधारण ५०० गोळ्या झाडणारी. ही ७५० ते ८५०. हवेत शत्रू समोर सापडतो जेमतेम दोन-तीन सेकंद, मग वेग हवाच.

बेंचवर सगळं लोण्यासारखं चाललं. पंखात बसवली आणि सहाव्या काडतुसाला पट्टा अडकला. काढला, परत लावला. पुन्हा सहावं. पट्टा जिच्यातून येतो त्या पत्र्याच्या पन्हळीला पोचा असेल म्हणून ती उतरवून कानस मारली. काडतुसं जोडणाऱ्या कड्या बदलल्या, तेल दिलं. दुपारचा डबा तसाच राहिला आणि बोटं मात्र सोलवटली.

कोपऱ्यात आमचे एक म्हातारबुवा बसलेले असत. कोरियाच्या युद्धात सेबर जेट विमानांवर आर्मरर, म्हणजे बंदुका सांभाळणारे, होते. त्यांच्या सेबरवर हिचीच धाकटी बहीण असे, एम-३, मिनिटाला १२०० गोळ्यांची. माझी सकाळभरची कसरत ते मुकाट बघत होते. शेवटी म्हणाले, "बंदूक सोड. पंख बघ."

बघितलं. मस्टँगचा पंख पातळ. बंदूक उभी मावेना म्हणून कुशीवर कलती झोपवलेली. पट्टा सरळ येण्याऐवजी तिच्यावरून वळसा घेऊन, पिळा खात तोंडाशी येतो. मी ताणकाटा आणून पट्ट्याला लावला. बेंचवर जेमतेम हलणारा काटा इथे चांगलाच पुढे सरकला. आणि हे उभ्या विमानात! चार जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चौपट जोराच्या, वळणात त्याच पट्ट्याचं वजन चौपट होतं. शिवाय तो सलग वाहत नाही. दर सेकंदाला तेरा-चौदा वेळा थांबतो आणि धक्क्याने पुन्हा निघतो. युद्धात नेमक्या वळणातच या बंदुका अडायच्या. पॅकिंग लाइनवर असलं वळण मी कुणाला ठेवू दिलं नसतं!

गंमत म्हणजे बंदुकीच्या बाजूने तयारी आधीच झालेली होती. तिचे जनक जॉन ब्राउनिंग १९२६ मध्ये वारले. त्यांची मूळ, पाण्याने थंड होणारी बंदूक पट्टा फक्त डावीकडून घ्यायची. पुढे सॅम्युअल ग्रीन यांनी तिचा सांगाडा असा बदलला, की आतले काही भाग उलटे लावले की उजवीकडूनही पट्टा चालेल आणि त्याच सांगाड्यावर विमानाची, जमिनीची, पाण्याने थंड होणारी अशी कुठलीही नळी बसेल. माझ्या मते खरी कारागिरी तीच, पण नाव घेतलं जातं ते ब्राउनिंगचंच.

मग 'बी'च्या वैमानिकांनी काय केलं? म्हातारबुवांनी सांगितलं: काही स्क्वाड्रननी बी-२६ बॉम्बरवरच्या, पट्टा पुढे ढकलणाऱ्या विजेच्या मोटरी काढून मस्टँगला लावल्या. जुगाडच की! 'डी' मॉडेलमध्ये बंदुका उभ्या झाल्या आणि चाराच्या सहा.

बोलता बोलता त्यांनी विचारलं, "तू इंडियात कुठला?" पुण्याचा म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "मग लिबरेटर तुमच्याकडेच होती!" खरंच होती ही अमेरिकन बॉम्बर विमानं. भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत उडवली आणि जगातल्या काही संग्रहालयांत आज दिसणारी लिबरेटर आपल्याकडूनच गेलेली आहेत. लोहगावावरून जाणाऱ्या चार इंजिनांच्या घरघरीबद्दल वडील सांगायचे. त्या विमानांवरही मूळची हीच पॉइंट फिफ्टी.

संध्याकाळी म्हातारबुवा उठले, बाह्या सरसावल्या, पट्ट्याखाली हात घातला.

"मी मोटर. तू ओढ."

मी हँडल ओढलं, त्यांनी पट्टा ढकलला. पाच. सहा. सात. खोटी काडतुसं खाली ताटात टणटण पडत होती. बाराव्याला ते दमले आणि म्हणाले, "मोटर गरम झाली, कॉफी आण."