अ‍ॅनिमेचा दर्जा खरंच घसरलाय का?

अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन, आता पूर्वीसारखं राहिलं नाही, असं म्हणतात. आज भाच्यासोबत १९८८ चा ‘अकिरा’ हा सिनेमा पाहिला आणि लगेच ‘फ्रीरेन’ या नव्या मालिकेचे सुरुवातीचे भाग लावले. दिवसभर डोक्यात हेच चाललंय.

‘अकिरा’तल्या रात्रीच्या मोटारसायकली आठवा. गाडी पुढे जाते, पण मागच्या दिव्याची लाल रेघ क्षणभर हवेतच तरंगत राहते. हे सगळं हाताने, सेलवर, म्हणजे प्लास्टिकच्या पारदर्शक पातळ तावांवर, रंगवलेलं! ते बघून कुणीही म्हणेल, आता तशी माणसं राहिली नाहीत.

मला ते पटत नाही. २०२३ च्या ‘फ्रीरेन’मध्ये जुना सोबती हिमेल याच्या अंत्यविधीला नायिका फ्रीरेन रडते, तो प्रसंग पाहा. दहा वर्षं सोबत फिरूनही त्याला जाणून घ्यायचा प्रयत्न केला नाही, हे तिला तिथे उमगतं. भाचा एकदम गप्प झाला होता. माझाही गळा दाटून आला. एवढी शांत, संयमी मालिका आज बनते, मग घसरण कसली?

आणि जुन्यातलं रटाळ आपण कधीच विसरलो. लक्षात राहिलं ते निवडक.

चिंता आहे ती वेगळीच. मालिका ढीगभर येतात, दुसऱ्या जगात जन्म घेणाऱ्या नायकांच्या तर रांगाच लागल्यात. चित्रं काढणारी नवखी मुलं मात्र तुटपुंज्या पैशांत रात्री जागवतात. जपानी स्टुडिओ क्योटो अ‍ॅनिमेशनने कलाकारांना कायम पगारावर ठेवलं, घरातच शिकवून तयार केलं. त्यांच्या कामातली सफाई उगाच नाही आली. बाकीच्यांनीही हा रस्ता धरावा, असं मनापासून वाटतं.