‘कोणताही साप असो’

भाजावळीसाठी, म्हणजे शेत भाजायला, कलमांखालचा सुका पातेरा गोळा करताना आबांच्या पायाच्या अंगठ्याला फुरसं चावलं. आमचं गाव रत्नागिरीच्या सड्यावर, गडग्यात फुरसं निघणं नवीन नाही. पण गाडी येईपर्यंत घरच्या ग्रुपवर मेसेज सुरू झाले. मुंबईच्या चुलतभावाने टाकलं, ‘नाजा २०० जिभेवर द्या, कोणताही साप असो.’ नाजा २०० म्हणजे होमिओपॅथीचं औषध. पाठोपाठ कुणाचा तरी व्हिडिओ: चीर द्या, रक्त वाहू द्या.

मी ब्लेड शोधायला उठलेसुद्धा. मोठ्या आत्याने हात धरला. “ठेव ते खाली. पाय हलू देऊ नको नि त्याला गाडीत घाल.”

हॉस्पिटलात आबांचं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवलं. मग डॉक्टरांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. फुरशाच्या विषाने रक्त गोठवणारे घटकच संपतात, असं त्यांनी सांगितलं. मी चीर दिली असती तर ती वाहतच राहिली असती. हे आठवलं की अजून छातीत धस्स होतं. प्रतिविष लगेच सुरू झालं आणि पाचव्या दिवशी आबा घरी आले.

त्यानंतर मी रात्री वाचत बसायचे. नाजा हे नागाचं शास्त्रीय नाव, म्हणजे त्या औषधाचा फुरशाशी संबंधच नव्हता! शिवाय २०० म्हणजे ते इतकं पातळ केलेलं की मूळ पदार्थ उरतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आणि सरकारी उपचारांची माहिती मात्र वेगळं बोलत होती. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या ४ सापांसाठी आहे. आपल्या झाडांवरच्या चापडा या विषारी सापावर ते काम करत नाही. ते घोड्याच्या रक्तापासून बनतं, काहींना त्याची तीव्र रिअॅक्शन येते, म्हणून ते हॉस्पिटलातच द्यायचं. आपलं औषध कुठे चालत नाही हे जो आधी सांगतो, त्याच्यावर माझा विश्वास बसला. त्या मेसेजला ना लिहिणाऱ्याचं नाव, ना तारीख, ना एकही अपवाद.

भावाला ग्रुपवर काही बोलले नाही, फोन केला. काळजीपोटीच पाठवलं होतं त्याने. नळीतल्या रक्ताचं ऐकून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ताई, मी हा अजून तीन ग्रुपवर टाकलाय. आत्ताच सगळ्यांना कळवतो.”